पहिली नोकरी शोधताना: लिहिणं, बोलणं आणि वेळेवर कळवणं

‘मुलांकडे डिग्री आहे, पण दोन ओळींचा मेल धड लिहिता येत नाही.’ ही तक्रार चाकणच्या कारखान्यात ऐकू येते तशीच हिंजवडीच्या आयटी कंपनीतही ऐकू येते. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालानेही देशातले ५१.२५ टक्के तरुणच नोकरीयोग्य मानले जातात, असं नमूद केलं. म्हणजे दोघांतला एक.

तक्रार खोटी नाही, पण तिचं मूळ बुद्धीत नसून सवयीत आहे. परीक्षेत पाच गुणांच्या उत्तराला पानभर लिहायची सवय आपल्याला दहावीपासून लागते. जितकं लांब, तितके गुण जास्त. ऑफिसात तीच माहिती पाच ओळींत हवी असते आणि सहावी ओळ कोणी वाचत नाही. दुसरी सवय बोलण्याची. मोठ्यांना उलट विचारू नये, चूक झाली तर गप्प बसावं, हे घरात आणि वर्गात अंगवळणी पडलेलं असतं. कामाच्या ठिकाणी मात्र न विचारता केलेलं काम आणि लपवलेली चूक, या दोन्ही गोष्टी सगळ्यात महाग पडतात.

या दोन सवयी बदलता येतात. त्याला महागडा क्लास लागत नाही, रोजची वीस मिनिटं लागतात. हा लेख बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., डिप्लोमा किंवा आयटीआय करून पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्यांसाठी आहे. पायऱ्या ज्या क्रमाने समोर येतात त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पायरी १: जाहिरात पेन घेऊन वाचा

जाहिरातीत तीन प्रकारचे शब्द असतात: काम काय, पात्रता काय आणि अर्ज कसा करायचा. कामाच्या शब्दांखाली रेघ मारा. ‘बिलिंग’, ‘डिस्पॅच’, ‘ग्राहकांचे फोन घेणे’, ‘एक्सेलमध्ये रोजचा अहवाल’ असे चार-पाच शब्द सापडतील. तुमच्या अर्जात यांपैकी निदान तीन शब्दांचं उत्तर असायला हवं. अर्ज कसा करायचा ते तर दोनदा वाचा. ‘विषयात पदाचा कोड लिहा’ असं सांगितलेलं असताना तो न लिहिणाऱ्याचा अर्ज बाजूला पडतो, कारण सूचना वाचून पाळता येतात की नाही याची पहिली चाचणी तिथेच झालेली असते.

पायरी २: एक पानाचा रेझ्युमे

लग्नाचा बायोडेटा आणि नोकरीचा रेझ्युमे या वेगळ्या गोष्टी आहेत, तरी पहिल्यातले बरेच रकाने दुसऱ्यात शिरलेले दिसतात. वडिलांचं नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, उंची यांतलं काहीही खासगी नोकरीच्या रेझ्युमेत लागत नाही. सरकारी अर्जाचा नमुना वेगळा असतो, तिथे मागितलं असेल ते भरावंच लागतं. ‘वरील माहिती माझ्या समजुतीनुसार खरी आहे’ ही शेवटची प्रतिज्ञाही काढून टाका. आधार क्रमांक आणि पॅन क्रमांक रेझ्युमेवर कधीही छापू नका. ते फक्त निवड झाल्यावर, कंपनीची खात्री पटल्यावर द्यायचे असतात.

वर नाव, मोबाइल, ईमेल आणि गाव किंवा शहर, एवढंच. ईमेलचा पत्ता नाव आणि आडनाव यांवरून केलेला असावा. शाळेत असताना गमतीने काढलेला पत्ता अर्जासाठी वापरू नका, नवा काढायला पाच मिनिटं लागतात. त्याखाली शिक्षण, ताजं आधी. मग केलेलं काम, प्रकल्प, शिकाऊ उमेदवारी. मग येणारी सॉफ्टवेअर किंवा यंत्रं. शेवटी भाषा.

‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ नावाचा परिच्छेद गाळा. ‘नामांकित संस्थेत माझ्या कौशल्यांचा उपयोग करून प्रगती साधणे’ हे वाक्य हजारो रेझ्युमेंत जसंच्या तसं असतं आणि त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. ‘मेहनती’, ‘टीम प्लेयर’, ‘लीडरशिप क्वालिटी’ यांचंही तसंच. हे गुण तुमच्यात असतील, पण शब्द लिहून ते सिद्ध होत नाहीत. त्यांच्या जागी जे केलं ते आकड्यासकट लिहा.

कमकुवत ओळ: ‘गणेशोत्सव मंडळात सक्रिय सहभाग.’

नेमकी ओळ: ‘गणेशोत्सव मंडळाचा वर्गणी हिशेब सलग दोन वर्षं एक्सेलमध्ये ठेवला, सुमारे ३०० पावत्यांचा ताळमेळ घालून विसर्जनानंतर आठवड्याच्या आत सभेत सादर केला.’

दुसऱ्या ओळीत हिशेब, एक्सेल, वेळ पाळणं आणि चारचौघांत बोलणं, चारही गोष्टी आल्या. अर्थात आकडा खराच असला पाहिजे, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. ‘मला काहीच अनुभव नाही’ म्हणणाऱ्या बहुतेकांकडे असा अनुभव असतो. फक्त तो अनुभव आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास काम करावं लागतं आणि सात दिवसांचं शिबिर असतं. त्या शिबिरात पन्नास जणांच्या जेवणाचा शिधा कोणी मोजला? घरच्या दुकानात उधारीची वही कोण सांभाळतं? दूध संकलन केंद्रावर फॅटची नोंद कोणी केली? ते लिहा.

एटीकेटी लागली होती किंवा एक वर्ष वाया गेलं, तर ते झाकू नका आणि त्यावर निबंधही लिहू नका. उत्तीर्ण झाल्याचं वर्ष खरं टाका. विचारलं तर एका वाक्यात कारण आणि दुसऱ्या वाक्यात त्या काळात काय केलं ते सांगायचं.

फाइल पीडीएफ करा. वर्डची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की तक्ते हलतात आणि फॉन्ट बदलतो. फाइलचं नाव ‘रेझ्युमे फायनल न्यू २’ असं न ठेवता तुमचं नाव आणि पद असं ठेवा. एचआरच्या डाउनलोडमध्ये ‘रेझ्युमे’ नावाच्या शेकडो फाइल असतात.

पायरी ३: अर्जाचा मेल

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

विषयाची ओळ मोकळी सोडून, आत काहीही न लिहिता, फक्त रेझ्युमे जोडून पाठवलेले मेल रोज येतात. दुसरा प्रकार म्हणजे एकच मेल चाळीस कंपन्यांना, सगळ्यांचे पत्ते एकाच रकान्यात. उघडणाऱ्याला बाकीच्या एकोणचाळीस कंपन्या दिसतात. तिसरा प्रकार जुन्या शाळकरी पत्राचा: ‘महोदय, वरील विषयास अनुसरून आपणास विनंती करण्यात येते की…’ आणि मुद्दा चौथ्या ओळीत.

खासगी नोकरीसाठीचा चांगला मेल १०० ते १२० शब्दांत बसतो. त्यात चारच गोष्टी असतात: कोणतं पद, मी कोण, या कामाशी जुळणारं मी काय केलं आहे आणि केव्हा उपलब्ध आहे. नमुना पाहा.

विषय: कनिष्ठ लेखा सहायक पदासाठी अर्ज (बी.कॉम., १ जुलैपासून रुजू होऊ शकते)

नमस्कार सर,

आपल्या चाकण कार्यालयातल्या कनिष्ठ लेखा सहायक पदाची जाहिरात १२ जूनला पाहिली. त्या पदासाठी अर्ज करत आहे.

मी यंदा बी.कॉम. पूर्ण केलं. एका कर सल्लागाराकडे दोन महिन्यांच्या उमेदवारीत रोज टॅलीमध्ये खरेदी-विक्रीच्या नोंदी आणि बँक ताळमेळ केला. जीएसटीआर-१ साठी लागणारी विक्री बिलांची यादी एक्सेलमध्ये तयार करून तपासायला देत होते.

रेझ्युमे सोबत जोडला आहे. मुलाखतीसाठी कोणत्याही कामाच्या दिवशी सकाळी दहानंतर येऊ शकते.

आपली,
(नाव, मोबाइल क्रमांक, गाव)

बहुतेक कंपन्यांना मेल इंग्रजीत जातो. क्रम हाच ठेवा, वाक्यं मात्र छोटी ठेवा. एका वाक्यात एकच क्रियापद असेल तर व्याकरण चुकण्याची जागाच कमी होते. ‘रिस्पेक्टेड सर’ऐवजी ‘डिअर सर’ किंवा नाव माहीत असेल तर नावाने सुरुवात करा. ‘काइंडली डू द नीडफुल’ म्हणजे नेमकं काय करायचं ते समोरच्याला कळत नाही, काय हवं ते थेट लिहा. ‘रिव्हर्ट बॅक’ असं लिहू नका, ‘रिप्लाय’ पुरतं. आणि शंका विचारताना ‘डाउट’ हा वर्गातला शब्द टाळून ‘क्वेश्चन’ वापरा. परदेशी ग्राहकाच्या कानाला ‘डाउट’ म्हणजे अविश्वास.

पाठवण्याचा क्रमही शिकून घ्या. आधी फाइल जोडा, मग मजकूर, मग विषय आणि अगदी शेवटी पत्ता. पत्ता नसेल तर अर्धवट मेल चुकून जाऊच शकत नाही. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घेण्याची मुदत ५ सेकंदांवरून ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते. सेटिंगमध्ये जाऊन ती आजच वाढवून ठेवा. पाठवण्याआधी मेल एकदा मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य बिघडलेलं असतं.

उत्तर आलं नाही तर सहा-सात कामाच्या दिवसांनी त्याच मेलवर दोन ओळींची आठवण पाठवा. रोज पाठवू नका. दुसऱ्या आठवणीलाही उत्तर नाही आलं तर तो विषय सोडून पुढच्या अर्जाला लागा.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून मेल लिहून घेण्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: पहिला मसुदा स्वतः लिहा, अगदी मोडक्या इंग्रजीत का होईना, आणि मग चुका दुरुस्त करायला त्याची मदत घ्या. दुरुस्ती काय झाली आणि का झाली ते त्यालाच विचारा, वहीत लिहून ठेवा. उलट केलंत तर चकचकीत मेल जाईल, पण मुलाखतीत कागद देऊन ‘ग्राहकाला माल उशिरा पोहोचणार आहे, चार ओळी लिहा’ म्हटल्यावर हात थांबेल. अशी लेखी चाचणी घेणाऱ्या कंपन्या आहेत, आणि ती घेण्याचं कारण हेच.

पायरी ४: फोन आणि व्हॉट्सॲप

अर्ज केल्यापासून अनोळखी नंबर उचला. ‘हां, कोण?’ ऐवजी ‘नमस्कार, मी (नाव) बोलतेय’. गाडीवर असाल किंवा एसटीत आवाज तुटत असेल तर तसं सांगा: ‘मॅडम, मी एसटीत आहे, नीट ऐकू येत नाही. वीस मिनिटांनी मी याच नंबरवर फोन करू का?’ आणि विसाव्या मिनिटाला खरंच करा. अर्धवट ऐकून ‘हो हो’ म्हणणारे चुकीच्या गेटवर पोहोचतात. ट्रूकॉलरवर तुमचा नंबर कोणत्या नावाने दिसतो तेही पाहून घ्या. मित्रांनी ठेवलेलं टोपणनाव एचआरच्या पडद्यावर उमटतं.

मुलाखतीचा फोन आला की पाच गोष्टी विचारून, लिहून घेऊन, परत वाचून दाखवायच्या: तारीख आणि वार, वेळ, पूर्ण पत्ता आणि गेट, कोणाला भेटायचं, कोणती कागदपत्रं. मग लगेच एक निरोप: ‘नमस्कार मॅडम, आत्ताच बोललो त्याप्रमाणे गुरुवार १९ जून, सकाळी १०:३० वाजता, गेट क्रमांक २ ला येतो. मूळ गुणपत्रिका आणि झेरॉक्सचे दोन संच सोबत आणतो.’ तारीख आणि वार जुळत नसतील तर ती गफलत इथेच उघडी पडते.

व्हॉट्सॲपवर नुसतं ‘हाय’ किंवा ‘सर’ लिहून थांबू नका. समोरच्याने ‘बोला’ म्हणायची वाट पाहण्यात दोन तास जातात. नाव, संदर्भ आणि प्रश्न एकाच संदेशात लिहा. मागितल्याशिवाय व्हॉइस नोट पाठवू नका, बैठकीत बसलेल्या माणसाला ती ऐकता येत नाही. ‘गुड मॉर्निंग’चं फुलांचं चित्र तर नकोच.

याच पायरीवर फसवणूकही होते. नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉपची अनामत अशा नावाखाली नोकरी देण्याआधी पैसे मागितले, तर तिथेच थांबा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. जितकी लवकर तक्रार, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

पायरी ५: मुलाखत

‘स्वतःबद्दल सांगा’ या प्रश्नाचं उत्तर दीड मिनिटाचं असावं, म्हणजे साधारण १५० ते १८० शब्द. रेझ्युमे त्यांच्या हातात असतो, तो वाचून दाखवायचा नसतो. शिक्षण एका वाक्यात, त्यानंतर या कामाशी जुळणारी एक गोष्ट जरा खोलात, आणि शेवटी हे काम का हवं. मधला भाग सगळ्यात महत्त्वाचा. काय अडचण होती, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही काय केलं, शेवटी काय झालं, या क्रमाने सांगा. इथे एक बारीक चूक नेहमी होते. प्रकल्प चौघांचा असतो आणि उत्तरभर ‘आम्ही केलं, आम्ही ठरवलं’ येत राहतं. नम्रता म्हणून ते ठीक, पण तुमचा वाटा कळत नाही. ‘चौघांचा प्रकल्प होता, त्यातली सर्किटची जोडणी आणि चाचणी माझ्याकडे होती’ असं म्हणा.

उत्तर येत नसेल तर छताकडे पाहत गप्प राहू नका आणि ठोकून देऊ नका. ‘हे मला माहीत नाही. याच्या जवळचं अमुक मी केलं आहे, ते सांगू का?’ हे वाक्य पाठ करून ठेवा. प्रश्न कळला नसेल तर पुन्हा विचारायला संकोच करू नका. चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर काही कामाचं नसतं.

भाषेची भीती सगळ्यात मोठी. इंग्रजी मुलाखतीत मध्येच अडलात तर ‘हा मुद्दा मराठीत सांगितला तर चालेल का?’ असं विचारता येतं. कारखान्यांत आणि छोट्या उद्योगांत बहुतेक वेळा चालतं. ग्राहकांशी इंग्रजीत बोलण्याचंच काम असेल तिथे चालणार नाही, आणि त्यात अन्याय काही नाही. बोलीचा मात्र न्यूनगंड बाळगू नका. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी हेल असणं, ‘ण’चा ‘न’ होणं, यामुळे लेखा, उत्पादन किंवा भांडार विभागातली नोकरी जाऊ नये, आणि जाणती माणसं ती नाकारतही नाहीत. वाक्य अर्धवट सोडणं, शेवटचे शब्द गिळणं आणि खाली पाहून बोलणं यांनी मात्र खरंच नुकसान होतं. म्हणून सराव उच्चारांचा करण्याआधी वाक्य पूर्ण करण्याचा करा.

गटचर्चा असेल तर हिशेब साधा आहे. आठ-दहा जण आणि पंधरा मिनिटं, म्हणजे एकेकाच्या वाट्याला दीड मिनिट. तेवढ्यात दोन किंवा तीनदा बोलायचं. सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्याने बोलणारा निवडला जातो हा गैरसमज आहे. दुसऱ्याचा मुद्दा पकडून पुढे नेणं आणि न बोललेल्याला जागा करून देणं, याची नोंद घेतली जाते.

‘तुम्हाला काही विचारायचं आहे?’ याला ‘नाही’ म्हणू नका. पहिल्या महिन्यात काम कोण शिकवेल, पाळी (शिफ्ट) कोणती असेल, असे दोन खरे प्रश्न तयार ठेवा. आणि गेटवरच्या काकांशी, पाणी आणून देणाऱ्या मावशींशी कसं बोललात तेही मुलाखतीचाच भाग समजा.

पायरी ६: पहिला महिना

नोकरी लागल्यावर खरी परीक्षा सुरू होते, आणि ती मुख्यतः लेखीच असते, फक्त पेपर मिळत नाही. पाळी बदलताना लिहायची नोंद, बैठकीची टिपणं, साहेबांना पाठवायचा निरोप, ग्राहकाला उत्तर. आधी पाळीची नोंद घेऊ.

नेहमीची नोंद: ‘मशीन बंद पडलं होतं. आता चालू आहे.’

कामाची नोंद (व्हीएमसी ३ हे यंत्राचं नाव): ‘व्हीएमसी ३: रात्री ८:१० ला कूलंट थांबलं. फिल्टर साफ करून ८:३५ ला पुन्हा सुरू. १४ नग कमी निघाले. फिल्टरची जाळी फाटली आहे, बदलायची बाकी. स्टोअरला सांगितलं आहे, पहिल्या पाळीने सकाळी घ्यावी.’

पहिली नोंद वाचून सकाळच्या पाळीला फोन करावा लागतो. दुसरी वाचून ती थेट स्टोअरला जाते. कोणतं यंत्र, केव्हा, काय केलं, किती नुकसान, काय बाकी, कोणी करायचं. हे सहा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, दवाखाना असो वा गोदाम, कुठेही चालतात.

वाईट बातमी कळवणं हे सगळ्यात अवघड, आणि इथेच लहानपणापासूनची गप्प बसण्याची सवय आड येते. समजा, तुमच्याकडून ग्राहकाला चुकीचा दर गेला. ‘सर, एक प्रॉब्लेम झालाय, भेटून सांगतो’ असा निरोप पाठवून तासभर वाट पाहू नका. असं लिहा: ‘सर, सकाळी ११:२० ला कोल्हापूरच्या ग्राहकाला गेलेल्या दरपत्रकात मी चुकून गेल्या महिन्याचा दर टाकला. फरक नगामागे ४ रुपये, ऑर्डर २,००० नगांची, म्हणजे ८,००० रुपये. ग्राहकाने अजून मान्यता दिलेली नाही. सुधारित दरपत्रक तयार आहे. तुम्ही हो म्हणालात तर १२ च्या आत फोन करून पाठवतो.’ चूक कोणाची ते एका शब्दात मान्य केलं, परिणाम पैशांत सांगितला, उपाय तयार ठेवला आणि निर्णय त्यांच्यावर सोडला. बोलणी बसतील, पण एकदाच. हीच चूक आठ दिवसांनी ग्राहकाच्या तोंडून कळली तर विश्वास जातो, आणि तो परत यायला वर्ष लागतं.

प्रश्न विचारण्याचीही रीत आहे. ‘सर, हे कसं करायचं?’ असा मोकळा प्रश्न दिवसातून दहा वेळा आला की कोणीही वैतागेल. आधी पंधरा मिनिटं स्वतः प्रयत्न करा, मग विचारा: ‘मॅडम, या बिलावर जीएसटी १८ टक्के दिसतो, पण मागच्या महिन्याच्या बिलावर ५ होता. मी दोन्ही बिलं तपासली. कोणता धरू?’ तातडीचे नसलेले प्रश्न वहीत साठवून दुपारी एकदम विचारले तरी चालतात. सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर मात्र पंधरा सेकंदही थांबू नका, यंत्राला हात लावण्याआधी विचारा.

बैठकीची टिपणं काढायला सांगितली तर कोण काय म्हणालं ते सगळं उतरवू नका. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, एवढे तीन रकाने. बैठक संपल्यावर दोन तासांच्या आत पाठवा, उद्यावर गेलं की लोकांना वेगवेगळं आठवायला लागतं.

संबोधनाचं म्हणाल तर जिथे जाल तिथली रीत पाहा. कारखान्यात ‘साहेब’, ‘सर’, ज्येष्ठ ऑपरेटरला ‘दादा’ किंवा ‘काका’ चालतं. बऱ्याच आयटी कंपन्यांत व्यवस्थापकालाही नावाने हाक मारतात आणि सारखं ‘सर, सर’ अवघडल्यासारखं वाटतं. पहिला आठवडा आदरार्थीच बोला, मग इतर काय म्हणतात ते ऐकून ठरवा.

सराव कुठे आणि कसा

रोज वीस मिनिटं, महिनाभर. पहिली दहा लिहिण्याची: वर्तमानपत्रातली एक बातमी वाचून ती पाच ओळींत लिहा, दुसऱ्या दिवशी तीन ओळींत. एक दिवस मराठीत, एक दिवस इंग्रजीत. फोनचा अंदाज-शब्द बंद करून लिहा, नाहीतर शब्द तोच सुचवतो आणि तुम्ही मान डोलावता. पुढची दहा बोलण्याची: एका विषयावर दीड मिनिट बोलून फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि ऐका. पहिल्या आठवड्यात स्वतःचा आवाज नकोसा वाटतो, तरी ऐकाच. ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’, ‘तर’ हे शब्द किती वेळा आले ते मोजा. आठवड्यातून एकदा दोन मित्रांना घेऊन खोटी मुलाखत घ्या, एकाने फक्त पाहायचं आणि टिपायचं.

टंकलेखन वेगळं शिका. राज्य शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट वेगाचं प्रमाणपत्र लागतं, पण खासगी ऑफिसातही युनिकोड मराठीत लिहिणारा माणूस शोधून सापडत नाही. त्यासाठीचा इनस्क्रिप्ट कळफलक (भारतीय भाषांसाठीची अक्षरांची मांडणी) शिकायला महिना पुरतो. ग्रामपंचायत, सहकारी बँक, साखर कारखाना, वकिलाचं ऑफिस, सगळीकडे ते उपयोगी पडतं.

प्रत्यक्ष कामाचा अनुभव हवा असेल तर दोन दारं उघडी आहेत. एक, शिकाऊ उमेदवारी. ती १९६१ च्या कायद्यानुसार असते आणि तिला विद्यावेतन मिळतं. दुसरं, राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. १८ ते ३५ वयोगटातल्यांसाठी असलेल्या या योजनेत विद्यावेतन बारावी पास असणाऱ्याला दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये ठरवलं गेलं. अटी आणि कालावधी यांत बदल होतात, म्हणून अर्जाआधी महास्वयम पोर्टलवरची ताजी सूचना वाचा. अशा ठिकाणी गेलात तर रोज संध्याकाळी पाच ओळी लिहा: आज काय केलं, किती केलं, काय अडलं, कोणाला विचारलं, उद्या काय. सहा महिन्यांनी रेझ्युमे लिहायला बसाल तेव्हा ही वही समोर ठेवा. त्यात तारखांसकट, आकड्यांसकट सगळं तयार असेल.